आठवडा सहावा, शनिवार

झिगिमांतासच्या तक्त्यात या शनिवारी
पायांचा दिवस आहे. जिना, दहा फेऱ्या,
मधे विश्रांती नव्वद सेकंद, साखर नाही.
आईच्या कॅलेंडरवर याच चौकोनात
पेन्सिलीने लिहिलंय: निदा. स्काइस्तेबरोबर.
खाली दोनदा रेघ.

मी दोन्ही जुळवलं. मला असलं जुळवणं जमतं.
निदाला वाळूची टेकडी आहे, टेकडीला लाकडी जिना,
जिन्याच्या तळाशी बाक.
आई बाकावर, मी जिन्यावर, मग जेवण.
एका दगडात दोन पक्षी, असं मी
फेरीबोटीत मनाशी म्हणालेसुद्धा,
तेव्हा आई कठड्याला रेलून
क्लाइपेदाच्या बंदरातल्या क्रेन मोजत होती.
एक कमी भरतेय, म्हणाली.

सव्वानऊला तिच्या गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं.
हिरवं बटण सुरू, लाल बटण बंद.
"तू बस इथे. पायऱ्या झेपायच्या नाहीत तुला."
तिने बाबांच्या जुन्या विंडचीटरची चेन
हनुवटीपर्यंत ओढली, मान डोलावली.

पहिल्या तीन फेऱ्या कागदावरच्यासारख्या.
चौथीला वळले तर बाक रिकामा.
डबा काखेत धरून
आई अकराव्या पायरीवर.
"थांबू नकोस," म्हणाली,
"मी आपली बघतेय, लाकूड कसलं वापरलंय."

उतरताना ती एकोणिसाव्या पायरीवर होती.
"तुझ्या बाबांच्या आधी एकजण होता."
तोवर मी तीन पायऱ्या पुढे निघून गेले होते.

पाचवी, चढताना:
"मोटरसायकल होती त्याची. साइडकारवाली."
पाचवी, उतरताना:
"निळी."
एवढंच. आणि काकडीची एक फोड हातावर ठेवली,
रिलेतल्या काठीसारखी.

मनगटावरचं घड्याळ नाडी दाखवतं, एकशे अडुसष्ट.
त्यातली जिन्याची किती
आणि निळ्या साइडकारची किती,
हे सांगायची सोय त्यात नाही.

सहावी: "इथेच आणलं होतं त्याने. तेव्हा जिना कुठला,
नुसती वाळू, एक पाऊल वर की अर्धं खाली."
सहावी, खाली येताना: "साइडकारमध्ये कोण होतं, विचार."
"कोण?"
"पळ. वेळ जातोय तुझा."

मी पळाले.
सहा आठवड्यांत कधी पळाले नव्हते इतकी.

सातवी. ती वरच्या टप्प्यावर बसलेली,
गाल लाल, श्वास वर-खाली.
"माझी आई," म्हणाली.
"मी मागच्या सीटवर, आई साइडकारमध्ये,
मांडीवर उकडलेली अंडी.
मीच म्हटलं होतं, ती आली तरच येईन.
दोन्हीकडे पाणी असलेली जमीन
तिने कधी पाहिली नव्हती."

"मग?"

"मग काय. खाली गाडी लावली,
आणि तो म्हणाला, त्यांना चढ झेपायचा नाही,
त्या बसतील इथे, गाडीकडे बघत."

तिने डब्याचं झाकण उघडलं.
वाऱ्याने काळ्या पावावर चिमूटभर वाळू टाकली.
टोमणा नव्हता तो. तिचे टोमणे मी
आवाजावरून ओळखते, फोनवरसुद्धा.
ही नुसती गोष्ट होती, आणि ती संपवत होती:
"आम्ही दोघी बसने परत गेलो.
अंडी बसमध्येच खाल्ली. एक ड्रायव्हरला दिलं."

खाली बाक दिसत होता, काडेपेटीएवढा.
तीन फेऱ्या उरल्या होत्या,
नव्वद सेकंद तर केव्हाच सरले असणार.
"किती झाला वेळ?"
तिने स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं.
शून्य, शून्य, शून्य.
"हिरवं की लाल, विसरले," म्हणाली,
आणि अंड्याचं टरफल
हातरुमालात गोळा करू लागली.

माथा अजून सव्वीस पायऱ्या वर होता.
मी हात पुढे केला.
"आधी खा," ती म्हणाली.

रात्री झिगिमांतासने विचारलं, दहा झाल्या?
मी लिहिलं: सात.
आणि एक हळू.